रिकाम्या चौकटीतला वारा

३ नोव्हेंबर १९८६, लोधिवली

सुंदरा, तुझा गुडघा आता कसा आहे? गजाचा खोकला उतरला का? सूनबाईला जेवण जातं का? आणि आपली नात जना, तिचा दात पडला की अजून लोंबतोच आहे? ही वही तुझ्याच नावानं लिहितो, म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं.

मी मजेत. साजगावच्या कारखान्यातून सुटल्यावर म्हातारपणी पुन्हा नोकरी, तीही बंगल्यात! बोकील साहेबांनी समुद्र कॉम्प्युटरात कोंडलाय. त्याच्या चौकटी पाडल्यात. प्रत्येक चौकटीत वारा कुठून आणि किती जोराचा, ते मी भरायचं. मग यंत्र पुढच्या दिवसांची लाट किती फूट ते छापून देतं. रवी जितका वेळ घुसळावी तितका फेस, तसंच वाऱ्याचं आणि लाटेचं. झाडलोटीला येणारी ठकी हसते, "म्हातारबा, समुद्र धा कोस लांब हाय. तुमी डोंगरात बसून लाटा कसल्या मोजता?"

शनिवारी जनाला घेऊन ये, असा निरोपही धाडलाय. तिला यंत्र दाखवीन.

४ नोव्हेंबर

एका बंदराची वाऱ्याची वही आलीच नाही. साहेब पनवेलला गेलेले. चौकट रिकामी बघून पंगतीत एक पान वाढायचं राहिल्यासारखं वाटलं. अंगणात जाऊन मूठभर तूस सोडलं, खळ्यावर भात उफणताना पारखतो तसा वारा पारखला आणि भरून टाकला. जन्मभर वारा ओळखलाय, चुकेन कसा?

५ नोव्हेंबर

त्या चौकटीत छापून आलं: आज दुपारी बारा, एक फूट. बाराला आमच्याच खोलीच्या फरशीतून पाणी फुटलं. कोमट, शेंबडासारखं चिकट. ओसरलं तेव्हा भिंतीवर बुळबुळीत हिरवी रेघ. ठकीनं पट्टी लावली. बरोबर एक फूट. माठात हात घातला तर तळाशी काहीतरी गिळगिळीत हललं. भाकरी मोडली, आतून सडक्या मासळीचा वास. भडाभडा ओकलो.

साहेब पनवेलहून आल्यावर त्यांच्यापाशी चूक कबूल केली. त्यांनी पाठ थोपटली! म्हणाले, इतका तंतोतंत आकडा आजवर आला नव्हता.

६ नोव्हेंबर

तीन फूट. कागदाच्या घड्यांत खवले, केसांचे गुंते. साहेब त्यातच बोटं घालतात आणि पान उलटायला तीच बोटं चाटतात. माझ्या दाढेत दोरीसारखं काही अडकलं होतं. ओढत राहिलो, संपेना. ऊन, खारट. शी.

७ नोव्हेंबर

पाच फूट. टेबलावर उकिडवा बसून लिहितो. उद्या शनिवार, बाराला बावीस छापून आलंय. सुंदरा, येऊ नकोस.

चौकट पुसली, तर यंत्र अडून बसलं. रिकामी घेतच नाही. साहेब म्हणाले, मग दुसरीकडचा वारा भरा, पाणी इथून हटेल. तुमच्या गावचा, शेलूचा भरा की! हसले. दातांवर शेवाळ —

म्हणजे जिथला वारा, तिथं पाणी. मनचा आकडा ठोकला तर कुणाच्या दारात जाईल कोण जाणे. आणि मी उठलो तर ते शेलूच भरतील. मी उठणार नाही.

८ नोव्हेंबर, साडेअकरा

इथलाच भरला. दाराला आतून कडी. साहेब बाहेरून ढकलतायत — आवाज हाताचा नाही, ओल्या मांसाचा — पचक, पचक —

फरशी फुगतेय. वास. तोंडात पुन्हा ते —

ठकी खिडकीशी हात पसरून उभी आहे. पानं फाडून देतो. चौक गावच्या फाट्यावर तुला गाठील. तिथूनच माघारी फीर. पोरीला पाणी दिसू देऊ नकोस. मी बरा आहे.

घरी पोचलात, अंगण कोरडं आहे, एवढ्या दोन ओळी लवकर धाड गं. मी वाट ब —