पाय माझा, मर्जी माझी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
आजपासून कुणाचं ऐकायचं नाही. ठरलं.
मी सांगते, हे लिहितात. ह्यांनी चौतीस वर्षं कचेरीत साहेबांची पत्रं उतरवून घेतली, काना-मात्रा इकडची तिकडे केली नाही. शिवाय शपथ घातलीय. मला वाचता येत नाही, आणि वही हे कुणाला दाखवणार नाहीत. म्हणजे या वहीला वाचणारं कुणी नाही. तिजोरी आहे, तिजोरी.
कारण लिहा. शहात्तर वर्षं ऐकलं. आधी बापाचं, मग सासूचं. ह्यांचं फारसं नाही, कारण हे बोलतच नाहीत. जानेवारीत मी स्टुलावरून पडले, खुबा मोडला, आत खिळा ठोकलाय. खिळा ठोकलेल्या वस्तूला जो तो सांगतो, इकडे सरक, तिकडे सरक. डॉक्टर म्हणतो, महिन्याभरात चालल्या नाहीत तर कायमच्या खाटेवर. म्हणू दे. त्याचं तोंड आहे.

११ वाजता.
व्यायामवाली आली. वय तिशीचं, दंड पैलवानाचे. म्हणाली, वॉकर धरून दहा पावलं टाका. मी म्हटलं, पाय माझा, मर्जी माझी. ती म्हणाली, फार हट्टी आहात.
कानाला गोड लागलं. आजवर मला नेहमी 'गुणाची' म्हणायचे, म्हणजे पाणी आणून द्यायची. ह्यांना म्हटलं, शेवटच्या पानावर 'हट्टी' लिहा. असे शब्द साठवायचे.

४ मार्च, मंगळवार.
सूनबाई म्हणाली, आई, निदान दारापर्यंत तरी चला. नाही म्हटलं. दुपारी मुलगा येऊन तेच म्हणाला. त्यालाही नाही. बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, अडेलतट्टू झालीय. भिंतीला कान आहेत, मला दोन आहेत.
'अडेलतट्टू' लिहून घेतला. तट्टू उभ्यानं अडतं, मी पडल्यापडल्या अडले. वरचढच म्हणायची.
खरं सांगायचं तर पाय टेकला की वाटतं, खिळा आता निघेल की मग निघेल. भीती वाटते. हे खोडा. खोडलंत ना? बरं.

६ मार्च, गुरुवार.
घरात काहीतरी फिरलंय. सूनबाई सकाळी आली, कमरेवर हात. म्हणाली, आजपासून उठायचं नाही. मुळीच नाही. मी सांगेपर्यंत पाय खाली ठेवायचा नाही.
असं का? ही कोण सांगणार? तिची पाठ वळताच वॉकर धरला. एक, दोन, तीन... स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. घाम फुटला, खिळा जागेवर राहिला. ती भांडी लावत होती, वळून पाहिलंही नाही. माझ्या चालण्याला आवाजच नाही, मांजर म्हणा. नंतर कपाळाला हात लावून म्हणाली, तुम्ही म्हणजे अगदी हेकेखोर.
तिसरा शब्द.

८ मार्च, शनिवार.
व्यायामवालीही सुनेला मिळालेली. म्हणाली, बाहेरच्या दाराचा उंबरा ओलांडायचा नाही, सक्त मनाई. ओलांडला. पलीकडे कुणीतरी खुर्ची विसरलेलं, उशीसकट. बंडखोराला नशीब हात देतं ते असं.
शब्द मिळाला 'नाठाळ'. व्यायामवालीनं वापरला, पण हसत. हसून दिलेला शब्द अर्धाच धरावा का? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, पुढे सांगा.

११ मार्च, मंगळवार.
आज स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायला बंदी. बंदी घातली नसती तर ही गोष्ट मला सुचली तरी असती का? वीस वेळा उचलल्या. सूनबाई माझ्याकडे पाठ करून बटाटे मोजत होती, मोठ्यानं. वीस झाले आणि तीही थांबली. घरात बटाटे चारच दिसले. पोरीचं लक्ष थाऱ्यावर नाही, काळजीनं पोखरलीय बिचारी. थोडं कमी छळावं म्हणते.
उद्यापासून.

१३ मार्च, गुरुवार.
नाही छळलं तर आपली किंमत राहत नाही. आज फाटकापर्यंत जाऊन आले. वाटेतल्या कुंड्या कुणीतरी आधीच कडेला लावलेल्या. मुलगा म्हणाला, चोर तो चोर वर शिरजोर. चोर नको म्हटलं, 'शिरजोर' तेवढा घ्या.

१५ मार्च, शनिवार.
दारामागे एक नवी काठी दिसली. खाली रबराचं बूड. सूनबाई म्हणाली, हात लावू नका, ती पाहुण्यांसाठी आहे. कोण पाहुणे काठी वापरायला येतात? घेतली. वॉकर कोपऱ्यात टाकून दिवसभर काठीवर फिरले. काठी माझ्या उंचीची निघाली. पाहुणी माझ्याएवढी बुटकी असावी.
शब्द: 'मुजोर'. शेवटचं पान भरत आलंय म्हणे. आता मोठा बेत. मंगळवारी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत, एकटी. सुगावा लागू द्यायचा नाही. हे फक्त ह्यांना माहीत.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ४.
जाऊन आले. फत्ते. आधी तेवढंच लिहा.
सकाळी सूनबाई आपणहून म्हणाली, आज रस्त्यावर जायचा विचारसुद्धा मनात आणू नका. बाईला मनातलं ऐकू येतं. मी निघालेच. मागे मुलगा होता, पण फोनवर बोलत. फोन उलटा धरलेला. शिंप्यानं बाहेर स्टूल मांडून ठेवलेलं. म्हणाला, या आजी, चार मिनिटं उशीर झाला. म्हातारपणी माणूस काहीही बोलतं, तो तर माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

संध्याकाळी ६.
चारला वही मिटून बैठकीत गेले, तर व्यायामवाली चहा पीत होती. सोबत डॉक्टर, मांडीवर कागद. व्यायामवाली त्याला म्हणाली, उठवायचं सहाला, उंबरा आठला, टाचा अकराला, फाटक तेराला, काठी पंधराला, रस्ता आज. एक दिवस चुकला नाही. इतका आज्ञाधारक पेशंट मी पाहिला नाही.
मी म्हटलं, कोण?
डॉक्टर बिस्किट बुडवत बसला. मी कागदांकडे पाहिलं. अक्षर मला कळत नाही, पण डावीकडे कलणारं, निळं, मुंग्यांच्या रांगेसारखं, ते मी छप्पन्न वर्षं पाहतेय.
ह्यांना विचारलं, शपथेचं काय? हे म्हणाले, वही कुणाला दाखवली नाही. कचेरीची सवय, खाली कार्बन घालतो. एक प्रत सूनबाईला जाते.
भीतीचं खोडलं होतंत ना? म्हणाले, कार्बनवर खोडायचं राहिलं.
चहा घेतला नाही.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ३.
आज संप. कार्बन काढून घेतलाय, माझ्या उशीखाली आहे.
सकाळी जाहीर केलं, यापुढे एक पाऊल टाकणार नाही. सूनबाई म्हणाली, बरं. नुसतं बरं. आता हे 'बरं' सुलटं की उलटं? चालले, तर डॉक्टरचं ऐकलं. बसले, तर हिनं 'बरं' म्हटलंय, म्हणजे हिचं ऐकलं. व्यायामवालीला निरोप धाडला. तिचंही उत्तर, बरं. सगळ्यांनी मिळून माझी वाट दोन्हीकडून बंद केलीय. असं शांतपणे 'बरं' म्हणणाऱ्या माणसांविरुद्ध बंड कसं करतात, ते कुणाला ठाऊक?
दोन तास खाटेवर बसून विचार केला. हे लेखणी धरून समोर बसले होते, त्यांचा डोळा लागला. घरात चिटपाखरू नव्हतं.
मग लघवी लागली.
न्हाणीघर घराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन आले, हात धुतले, येऊन बसले. बसल्यावर नजर गेली. काठी खाटेला टेकून उभी, होती तिथेच.
पाहायला कुणी नव्हतं. ह्यांना उठवून लिहायला लावलं. हे म्हणाले, शेवटच्या पानासाठी यातला शब्द कुठला? मी म्हटलं, कुठलाच नाही. लघवीनं एकदाच सांगितलं, आणि मी निमूट गेले.