फ्यूजमधली जाड तार

अप्पा,

मिक्सर अन् मोटार एकदम लावली की फ्यूज उडायचा, म्हणून तुम्ही त्यात जाड तार घातलीत. काल बोर्ड तापून जळका वास सुटला, तवा मेन बंद करून ती तार मीच काढली. घरातल्या वायरी जळायच्या आधी तीच वितळावी म्हणून फ्यूजची तार बारीक असते. तशी बसवलीय.

पोरीच्या जातीनं बोर्डाला हात लावू नये म्हणालात. लावला. पुन्हा लावीन.

आज गुलबर्ग्याला आयटीआयचा फॉर्म भरायला जायलेय, इलेक्ट्रिशियनचा. आईच्या रकान्यात अव्वानं सही केलीय, तिला बोलायचं न्हाई.

फ्यूज उडाला तर मी येईपर्यंत थांबा. तुमची जाड तार शोधू नका, माझ्या पिशवीत हाय.

शैलश्री