ती कुठे आहे, ते सांगणार नाही

प्रिय दादा,

तुझे फोन येतात आणि मी "कामात आहे रे, मग बोलते" म्हणून ठेवून देते. कामात असते हे खरं, पण कारण ते नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं करते, आपलं लहानपणापासून असंच. कागदावर निदान मध्येच कुणी तोडत नाही. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. एकदा पाणी आणायला उठले, एकदा तंबूची दोरी सैल वाटली म्हणून, आणि एकदा तर काहीच कारण नसताना. तू मला भुंगी म्हणायचास ते उगाच नाही.

तू सगळ्यांना सांगतोस, माझी बहीण पूरग्रस्तांना मदत करते. करतेच. पण धान्य आणि ताडपत्र्या वाटणारे वेगळे. माझ्या वाट्याला येतं ते कुणी मोठ्याने बोलत नाही. पुरात घर वाहून जातं दादा, घरातला मारणारा हात वाहून जात नाही. शिवाय गर्दीत, अंधारात अनोळखी हातांची भर पडते. आमची छावणी एका बंद कारखान्याच्या आवारात आहे. आल्या आल्या मी भांडले ते इंजिनिअरशी, संडासांच्या दारांवरून. कड्या होत्या, पण बाहेरून. आतून बसवा म्हटलं तर त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्हाला कडी सुचतेय!" मी म्हटलं, "तेच सुचावं म्हणून मला इथे पाठवलंय." मग त्याला सांगितलं, अंधार पडल्यावर तिकडे जायची वेळ येऊ नये म्हणून इथल्या बायका दुपारपासून पाणीच पीत नाहीत. कड्या बसल्या, वाटेवर दिवेही लागले. आता लांबून दिसले की "कडीवाल्या बाई आल्या" म्हणतो आणि खिशातला स्क्रू काढून दाखवतो.

बायकांसाठी आमचा एक वेगळा तंबू आहे. बाहेर पाटी शिवणवर्गाची. शिवण खरोखर चालतंच, पण पाटी अशासाठी, की इथे कशाला येतेस याचं उत्तर घरी देता यावं. तिथे एक शिंपीण यायची. (ओळख पटू नये म्हणून तिच्या हकिगतीतलं बरंच बदलून लिहितेय, तेवढी सूट दे.) इतरांना कापड बेतायला शिकवायची आणि सारखी दाराकडे बघायची. एके दिवशी मनगट धरून आली. आमच्या नर्सने हात पाहिला आणि हळूच विचारलं, "हा आधीही मोडला होता ना?" तेव्हा ती बोलायला लागली. थांबेचना. तिचा नवरा गवंडी. पुराच्या वेळी कमरेला दोर बांधून त्याने कितीतरी लोकांना पाण्यातून ओढून काढलेलं. अख्खी छावणी त्याला देव मानते. ती म्हणाली, "त्यांच्याविरुद्ध माझं कोण ऐकणार? तुम्हीसुद्धा नाही ऐकणार." मी म्हटलं, "मी ऐकलं. आता तुम्हाला काय हवंय ते सांगा." आमच्या कामात हाच प्रश्न सगळ्यात अवघड. तू असं कर, तसं कर, हे सांगायला जीभ वळवळत असते, आणि गप्प बसावं लागतं. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "जायचंय."

ती भर दुपारी गेली. लसींच्या गाडीत, नर्सच्या शेजारी बसून. संध्याकाळी गवंडी आला, मागे निम्मी छावणी. "ज्याने एवढे जीव वाचवले त्याचा संसार मोडता तुम्ही?" कुणीतरी ओरडलं. तंबूतल्या म्हाताऱ्या उठून माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, हातात कात्र्या तशाच. मी रोज म्हणते ते वाक्य म्हटलं, "इथे कोण येतं, कोण जातं, आम्ही कुणालाच सांगत नाही." त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो रडायला लागला. "ताई, एकदाच हात उठला हो. एवढंच सांगा, ती बरी आहे ना?" आणि मनगटाच्या मागच्या बाजूने त्याने नाक पुसलं, अगदी तू पुसतोस तसं. मला त्याची दया आली, दादा. खोटी नाही, खरीखुरी. पण सांगितलं नाही. शिंपीण आता दुसऱ्या गावात आहे, हाताचं प्लास्टर निघालंय, मशीन चालवते. गवंडी इथेच आहे. लोक अजून त्याला मानतात आणि मी दिसले की काही जण तोंड फिरवतात. माझं मन तेव्हापासून थाऱ्यावर नाही, पण ते गवंड्यामुळे नाही.

बाबा गेले आणि आई कामाला लागली, तेव्हा माझी वेणी तू घालायचास. इतकी वाकडी, की वर्गातल्या मुली फिदीफिदी हसायच्या. तरी ती मी दिवसभर सोडायची नाही. मला बाहेरगावी शिकायला जाऊ द्यावं म्हणून तू आईशी अबोला धरलास. आज मी जी काही आहे ती तुझ्यामुळे, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं सगळे नाव काढतात. क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे महिनाभर न कळणाऱ्या आजोबांनाही तू हसत हसत शिकवतोस. नव्या गाडीला पोचा आला तरी आवाज चढत नाही. आई म्हणायची, घरी आल्यावर मात्र त्याला जरा सांभाळून घ्यावं लागतं, तापट आहे, पण मनाने लोणी. दादा, राग आवरत नाही म्हणतोस, तो आजोबांसमोर बरा आवरतो. मग घराचा उंबरा ओलांडल्यावरच का सुटतो?

तुझ्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असतो, वहिनीचा फोन लागत नाही, तुला काही माहीत आहे का. आहे. घर सोडण्याच्या आधी ती माझ्याशी बोलली होती. ती कुठे आहे, ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. आज नाही, तू आजारी पडलास तरी नाही, आईची शपथ घातलीस तरी नाही. माझ्याकडे ती नाही, तेव्हा इथले तंबू धुंडाळू नकोस. हे पत्र तिला फोनवर वाचून दाखवलंय. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली. तिचा निरोप एवढाच, की ती आणि तुमची छकुली बऱ्या आहेत, छकुली नीट जेवते, आणि तिच्या माहेरच्यांना त्रास देऊ नकोस. बाकी सारं माझं. मारणं थांबवायचंय असं ज्यांना मनापासून वाटतं, त्या पुरुषांशी बोलणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. म्हणशील तेव्हा गाठ घालून देईन. मात्र त्याच्या बदल्यात वहिनी परत येईल, असा सौदा माझ्याकडे नाही. आणि मी तुला टाकलेलं नाही. कधी वाटलं तर ये, तिला शोधायला नाही, मला भेटायला. दारात उभा राहून विचारशील, तेव्हा मी नाहीच म्हणेन. पण जेवल्याशिवाय तुला परत पाठवणार नाही.

तुझीच, आणि तिचीही,
भुंगी