‘माती अनप्लग्ड’चे रात्रीचे श्रोते

३ सप्टेंबर, किन्हवली
अल्बम तयार. नाव ‘माती अनप्लग्ड’. सगळा लॅपटॉपवर केलाय, पण नाव वजनदार आहे. आमच्या जोडीत सुरज तारपा वाजवतो. बाकी सगळं मी: बीट, मिक्सिंग, व्हिजन. स्टुडिओ म्हणजे आमचा गोठा. म्हैस विकल्यापासून साउंड सुधारलाय.
सुरजला मुरबाडच्या एका मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीने बोलावलंय. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो. कोणी ऐकलं तर ठीक, नाहीतर जातो. तो गेला तर जोडीत मी एकटाच उरेन. अर्थात ती वेळ येणार नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
रिलीज! जगात अल्बम शुक्रवारीच येतात. आईला ऐकवला. ती म्हणाली, सुरू झालं की सांग. तेव्हा तिसरं गाणं चालू होतं.

६ सप्टेंबर
ऐकणारे चार. त्यातले दोन आम्हीच. आज विसर्जन, अख्खा गाव बेंजोपुढे नाचतोय. माझं प्लॅनिंग बरोबर होतं, गणपतीची तारीख चुकली. मीही नाचलो, पण अभ्यास म्हणून.

१३ सप्टेंबर
संकल्प: रोज एक रील. शिवाय सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये गाण्यांचं अ‍ॅप आणि त्यात अल्बम स्वतः टाकून दिला. काहींनी मोबाइल परत मागितला.

१४ सप्टेंबर
रील केली नाही. अंगठा दुखतोय.

२७ सप्टेंबर, सकाळी
आकडा एकदम उसळलाय! आणि सगळं ऐकणं रात्रीचं, पार उजाडेपर्यंत. विचार केला. आपल्याकडे मध्यरात्र तेव्हा जर्मनीत संध्याकाळ. लोक जेवून निवांत बसत असणार. एकही गाणं कोणी स्किप केलेलं नाही. शिस्तीची माणसं.
अ‍ॅप मात्र गावाचं नाव ‘मुरबाड’ दाखवतंय. टेक्निकल चूक. कंपनीला मेल टाकला.

२८ सप्टेंबर
सुरजला फोन करून जर्मनीचं सांगितलं. म्हटलं, बेंजोवाल्यांना नकार कळव. त्याने कळवलाही. माझी बहीण वैष्णवी विचारत होती, तुझा पासपोर्ट आहे का. संकल्प: निगेटिव्ह माणसांशी बोलायचं नाही.

९ ऑक्टोबर
मुरबाडकडे कुंडलिकमामाच्या गावी गेलो. भात पिकायला आलंय. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर स्पीकर बांधलेला, शेजारी मामाचा मोबाइल. मामा फारच खुशीत. म्हणाला, “भाच्या, तुजं गानं लावलं का एक रानडुकर बांदावर येत नाय रे. रातभर चालू ठेवतो नि झोपतो.”
जेवणावरची वासनाच उडाली. मामीने कोंबडी केली होती म्हणून बसलो.

१० ऑक्टोबर
सुरजला खरं सांगावं लागलं. माझ्या शब्दावर त्याने हातचं काम सोडलं, याचं फार वाईट वाटलं. त्याने मात्र विचारलं, डुकरं तारप्याला भितात का बीटला? मी म्हटलं, उघड आहे, बीटला. तो म्हणाला, तारप्याला. यावरून जोरदार भांडलो. फोनचं चार्जिंग संपलं, नाहीतर मी जिंकलो असतो.

१७ ऑक्टोबर
मामाचा फोन. डुकरांना सवय झाली. काल तीन आली, पळालीच नाहीत. स्पीकरखाली बसून राहिली, गाणं संपल्यावर भात खाल्लं आणि गेली. मामा आता फटाके लावणार आहे. अल्बम त्याने मोबाइलमधून काढून टाकला. आजचे ऐकणारे: शून्य.
दिवाळी तोंडावर आलीय. सुरजला कळवलं तेव्हा माझा आवाज जरा बसला होता, थंडीमुळे. वाटलं, आता हा बेंजोवाल्यांचे पाय धरणार.
त्याने एवढंच विचारलं, बसून ऐकलं का? मी म्हटलं, हो. पूर्ण गाणं? हो.
मग तो म्हणाला, “तं मी नाय जात. बेंजोपुढं कोन बसतंय?”