कलकत्त्याची पोच येईपर्यंत

४ जुलै १९६१, डहाणू
सोनाराकडे आमची पाटली पाहिली. म्हणजे नक्षी आमची. नारळाचा फुलोरा. मी कागदावर काढला, ह्यांनी पोलादी साच्यावर, डायवर, कोरला. पण सोन्याचा पत्रा ठोकलेला दुसऱ्याच डायवर. सोनार म्हणाला, "तुमच्या धाकट्या भाऊजींची डाय. स्वस्तात दिली." धंदा वेगळा करून वर्ष नाही झालं त्यांना!
ह्यांना सांगितलं. कानस चालूच. "भावाशी भांडू?" एवढंच.

६ जुलै
मीच गेले भाऊजींकडे. चहा दिला. लपवाछपवी नाही. "वहिनी, फुलोऱ्याला मालक असतो का? वाडीत झाडाझाडाला आहे."
"मग झाडावरचा घ्यायचा. माझा कशाला घेतलात?"
हसले. मला नाही आलं हसू.

११ जुलै
स्टेशनजवळच्या वकिलांकडे. हे बरोबर, मान खाली. नमुन्याची नोंदणी होते, कलकत्त्याला सरकारी कचेरीत; मग दुसऱ्याला तो उचलता येत नाही. पण नमुना नवा हवा, विकलेला चालत नाही. म्हणजे फुलोरा गेला. आम्हीच गावभर दाखवला, कौतुक करून घेतलं...
वकील : "पुढचा आधी नोंदवा. पोच येईपर्यंत कुणाला दाखवू नका."
ठीक. पुढचा.

२ ऑगस्ट
बोर्डीहून आले. माहेरी चार दिवस. ओहोटीला वाळूवर खेकड्यांनी टाकलेल्या बारीक गोळ्या, बिळाभोवती चहूकडे किरणांसारख्या पसरलेल्या. लहानपणापासून तुडवत आले, पाहिल्या आत्ता.
त्याच कागदावर काढत होते तर धाकट्या जाऊबाई दारात. कागद पोळपाटाखाली. "काय नवीन?" "काही नाही." खोटं बोलले. चालेल.

२१ ऑगस्ट
डाय झाली. सुरेख. आज अर्ज. वकिलांनी विचारलं, नाव कुणाचं?
हे : "माझंच."
मी : "नक्षी मी काढली."
"कोरली मी."
"कोरलीत. काढली मी."
वकील चष्मा पुसत बसले. शेवटी हे म्हणाले, "घाला हिचं."
वाटेत हे चार पावलं पुढे. जेवताना आमटी पुन्हा मागितली, म्हणजे राग गेला बहुतेक.

१५ सप्टें.
मुंबईचे शेठ आले, लग्नसराईचा माल ठरवायला. आमचं सगळं वर्ष त्यांच्यावर. "नवं काहीतरी केलंय म्हणे. बतावो तो खरा, बेन!"
डाय आत, तांदळाच्या डब्यात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोच अजून नाही.
"कलकत्त्याचा कागद आला की दाखवू, शेठ."
"तोवर मी दुसरीकडे घेईन."
"घ्या."
गेले. भाऊजींच्याच आळीकडे वळले. हाक मारली नाही.
हे : "परत नाही आले तर?"
"दुसरा व्यापारी बघू."
ह्यांनी डाय काढली, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवला, परत ठेवली.
पोच आली का, उद्या पोस्टात विचारून येते. नसेल आली तर परवा.