कार्डावरचं तिरकं स्टिकर

देवळी, मंगळवार संध्याकाळ, २००५

इतके दिवस लाजेपायी लिहिलं नाही. भाऊजींच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकायचा हट्ट माझाच, आणि तेव्हापासून पडद्यावर फोटो धड दिसत नाहीत. आज पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम टाकला, तर तो म्हणतो, आमचं कार्डच इथं नाही! कार्ड काढून पाहिलं. कंपनीचं स्टिकर आहे, पण तिरकं, खाली जुना गोंद. वर्ध्याच्या दुकानदारानं, गजूभाऊनं विकताना म्हटलं होतं, "डोये मिटून लाव, ओरिजनल हाय." डोळे काऊन मिटायचे? की माझंच चुकलं? पण ते स्टिकर...

भाऊजी म्हणाले, "उद्या लग्नाचे फोटो नाई निघाले, तर तू आन् तुह्यं लिनक्स, दोघंही बाहेर."

आत्ता दारात कोण? गजूभाऊ! हातात दुसरं कार्ड. म्हणतो, "नाई चाललं ना?"

मी तर त्याले काही कळवलंच नाई.