प्रेमिलाच्या डब्यातला उतारा

११ जानेवारी १९८२, सोमवार

आज हे हसले! दोन महिन्यांत पहिल्यांदा.

माझ्या विनोदावर नाही. दर रविवारी माझं सदर वाचून अख्खं नागपूर हसतं म्हणतात. त्या नागपुरात आमचं घर येत नाही. हे हसले प्रेमिला नर्सच्या वाक्यावर. वाक्य काय, तर ‘साहेब, मच्छर चावला समजा.’ बस्. याला विनोद म्हणतात! मी उकळलेल्या सिरिंजचं पातेलं चिमट्यात धरून दारात उभी, आणि आत हशा.

यांच्या हाडांत कॅन्सर पसरलाय. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं, आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. दिवसा गोळ्यांवर भागतं. संध्याकाळी साडेपाचला मॉर्फीनचं इंजेक्शन. सोमवार ते शनिवार प्रेमिला येते, इमामवाड्याहून सायकलवर. त्या दिवसाचं औषध डॉक्टरांकडून घेऊनच येते आणि रिकामी काच परत घेऊन जाते, तसा नियम आहे म्हणे. रविवारी तिची सुट्टी. रविवारचं औषध माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. तिनेच मला टोचायला शिकवलं — संत्र्यावर. आठ संत्री वाया घालवली मी.

काल रविवार होता. यांनी डोळे मिटून घेतले. नंतर म्हणाले, ‘तुझा हात जरा जड आहे.’

संत्र्यांची तक्रार नव्हती.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. प्रेमिलाने तिळगूळ आणला. यांनी दोन वड्या खाल्ल्या. सकाळी माझी एक दिली होती ती उशाशी तशीच.

आणखी एक शोध. हे तिच्याशी वेगळंच बोलतात. ‘मले आज बरं वाटून राहिलं’, ‘काहून उशीर झाला वं?’ बावीस वर्षांपूर्वी सावनेरहून आलेल्या या माणसाचं बोलणं मी शुद्ध केलं. मी शाळेतली मराठीची बाई, नागपूरच्या महाल भागातली. नवऱ्याने चार लोकांत ‘मले-तुले’ करावं हे मला खपत नव्हतं. त्यांनी मुकाट्याने सोडून दिलं. म्हणजे सोडलं असं मी समजत होते! सगळं जपून ठेवलं होतं. प्रेमिलासाठी.

या बोलीतला नवरा फार गमत्या दिसतो. मला भेटायला मिळाला असता तर आवडला असता.

तिच्या पत्र्याच्या डब्यात एक कुपी कापसात गुंडाळून वेगळी ठेवलेली असते. आज विचारलं. म्हणाली, हा उतारा आहे, नवीन निघालाय, डॉक्टरांनी सोबत ठेवायला सांगितलाय. “डोस जास्त झाला ना ताई, तर माणूस श्वास घेणंच इसरते. हे टोचलं का त्याले आठवते. पण हे लवकर उतरते अन् ते नाही उतरत. म्हणून देऊन निघून नाही जायचं. बसून राहायचं.”

मी म्हटलं, बसून राहायला तुम्हाला कारण लागतं होय?

तिला कळलं नाही. किंवा कळलं.

१९ जानेवारी, मंगळवार

आता दार लोटून घेतात! इंजेक्शनला दोन मिनिटं लागतात. आज वीस मिनिटं आत. कुजबुज यांची. आवाज इतका खाली की फक्त सूर ऐकू येतो, आर्जवाचा. मग तिचं हलकेच — ‘नाही म्हणते ना मी, साहेब.’ मग पुन्हा हे. पुन्हा ती, ‘नाही.’

बाहेर आली तर चेहऱ्यावर तेच हसू. ‘येते ताई.’

हाडं पोखरली आहेत त्या माणसाची. उठून बसवत नाही. मला कशाचा संशय येतोय, हे या पानावरसुद्धा लिहायची लाज वाटते. तरी येतोय.

२० जानेवारी

दार. वीस मिनिटं. ‘नाही.’

२४ जानेवारी, रविवार

सूड घेतला. सदरात! ‘देवदूत सायकलवरून येतात’. नाव दिलं नाही, पण डबा, सायकल, मच्छर, सगळं आहे. घरातल्या बाईने उकळतं पाणी धरून उभं राहायचं आणि पांढऱ्या साडीतल्या बाईने टाळ्या घ्यायच्या, असा एकंदर सूर. संपादकांचा निरोप आला, फार दिवसांनी धार दिसली.

यांना लेख वाचून दाखवला. छताकडे बघत ऐकला. ‘छान आहे’ म्हणाले. जसं शेजाऱ्याच्या मुलाच्या चित्राला म्हणतात तसं.

२५ जानेवारी, सोमवार

प्रेमिला आली ती हसतच. म्हणे, “ताई, तुमी माह्यावर लिवलं ना! सासूले वाचून दाखवलं. भौत हसली बुढी. म्हणे, मच्छरची गोष्ट त्या बाईले कोनं सांगितली?”

कात्रण मागितलं तिने. दिलं. आता काय करता या बाईचं!

२७ जानेवारी, बुधवार

भांडण केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज लाल शाईने फुली मारते, इंजेक्शन दिल्याची. माझ्या कॅलेंडरवर! त्या चौकोनांत मी दूधवाल्याचे खाडे लिहिते. जानेवारीत माझ्या दुधापेक्षा तिच्या फुल्याच जास्त दिसतात. मी म्हटलं, हे माझ्या घरातलं कॅलेंडर आहे, वॉर्डातला तक्ता नाही. तुम्हाला खुणा करायच्या तर तुमच्या वहीत करा.

“बरं ताई,” म्हणाली. पेन डब्यात टाकलं.

हे आतून ऐकत होते.

३ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी साडेसात

लिहिल्याशिवाय राहवत नाही!

आज सीताबर्डीला वाचनालयात माझं व्याख्यान होतं. यायला पावणेसात झाले. दार मी नुसतं लोटून गेले होते, प्रेमिलाला सवय आहे. आत आले तर हे टक्क जागे. मला म्हणाले, ‘ती आज आलीच नाही. तूच दे.’

तूच दे!

आणि वर म्हणाले, ‘तू देतेस तेव्हा जास्त वेळ टिकतं.’ बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाबद्दल इतकं चांगलं बोलल्याचं आठवत नाही. पदरसुद्धा खोचला नाही, तशीच कपाटाकडे गेले. रविवारची कुपी काढली, सिरिंज उकळली. यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत होते. टोचून झाल्यावर माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. लोटलेल्या दाराच्या आत आज मी होते.

प्रेमिलाबाई, बुडवा खुशाल. आमचं काही अडत नाही.

शांत झोपलेत. इथे ऐकू येतंय घोरणं. किती सावकाश! एक — आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग दुसरं.

फारच वेळ जातो मध्ये. बघून येते.

४ फेब्रुवारी, गुरुवार

जिवंत आहेत.

नीट लिहिते. लिहिलं नाही तर नंतर मी त्यातही कोट्या घालीन.

ओठ निळे होते. गालावर मारलं, पाणी शिंपडलं, हलवलं. हाक मारली ती नावाने. ‘रुपराव!’ लग्नानंतर पहिल्यांदाच. उत्तर नाही. शेजारचे चंपतराव ओरडा ऐकून आले, बघितलं आणि स्कूटर काढून इमामवाड्याला गेले. दहा-बारा मिनिटं लागली असतील. त्या वेळात यांनी किती श्वास घेतले ते मी मोजले. लिहिणार नाही.

प्रेमिला घरच्याच लुगड्यात आली, डबा छातीशी धरून.

‘काय दिलं?’

म्हटलं, तुम्ही आला नाहीत म्हणून सात वाजता मी इंजेक्शन दिलं.

ती म्हणाली, “मी साडेपाचाले देऊन गेली ना, ताई.”

मग बोलायला वेळ नव्हता. तिने यांची मान मागे केली, मला म्हणाली, नाक दाबा, तोंडावर तोंड ठेवा, आणि फुंका. मी बघत राहिले. पहिल्यांदाच ती माझ्यावर खेकसली. “फुंका वं! मी सुई भरून राहिली.”

बावीस वर्षांच्या संसारात दिवा चालू असताना मी यांच्या इतक्या जवळ गेले नव्हते. चंपतराव भिंतीकडे तोंड करून उभे. मी फुंकलं. छाती वर आली. पुन्हा फुंकलं. तेवढ्यात तिने दंडावर ती कापसातली कुपी टोचली.

दोन मिनिटं? तीन? यांनी एकदम खोल श्वास ओढला, बुडालेला माणूस वर येतो तसा. डोळे उघडले. उताऱ्याने झोप उतरली, तशी वेदनेवरची चादरही ओढून नेली. कळवळले, ओरडले. आणि प्रेमिलाकडे बघून म्हणाले, “काहून आणलं वं मले परत?”

भ्रमात असतील, असं मी समजले.

ती म्हणाली, ‘गप राहा साहेब.’ माझ्याकडे बघितलं नाही.

चंपतरावांना तिने डॉक्टरांकडे पिटाळलं, उताऱ्याची आणखी एक कुपी घेऊन या म्हणून. मी म्हटलं, आता तर जागे आहेत! तिने मान हलवली. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो, माझी नजर यांच्या छातीवर, तिची घड्याळावर. पाऊण तासात पुन्हा तेच. एक श्वास, आणि लांबच लांब पोकळी. डॉक्टर दारातून आत आले तेव्हा मी पुन्हा फुंकत होते. दुसरी कुपी दिली. ती नसती तर? देऊन निघून गेलो असतो तर?

मधल्या वेळात मी तिच्यावर भडकलेही. आलात तर खूण का नाही ठेवलीत?

“तुमीच नको म्हनल्या ना, ताई.”



५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी माझ्या कपाटातलं उरलेलं औषध नेलं. बरोबरच केलं. म्हणाले, औषधाने रुग्णाला भान राहत नाही, नर्स येऊन गेल्याचं त्यांना आठवलं नसेल. तुमचा दोष नाही.

यांना खरंच आठवलं नसेल? त्या संध्याकाळी डोळे तर लख्ख होते.

६ फेब्रुवारी, शनिवार

इंजेक्शन देऊन प्रेमिला निघाली, तिला पायरीवर थांबवलं. सरळ विचारलं. दार लोटून इतके दिवस काय चालायचं?

सायकलची घंटी उगाच पुसत राहिली. मग सांगितलं.

हे तिच्याकडे मरण मागत होते. रोज. दोन कुपी एकदम दे म्हणायचे. हात जोडायचे, रडायचे, सावनेरच्या शेताचा तुकडा तुझ्या नावावर करतो म्हणायचे. आणि ती रोज नाही म्हणायची. मग काहीतरी गंमत सांगून त्यांचे डोळे पुसायची. मच्छर वगैरे.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत?

“साहेबाईनं तुमची शपथ घातली होती. अन् मले वाटे, रोज नाही म्हनीन, त एक दिवस थकतीन.” मग म्हणाली, “माहं चुकलंच ताई. सांगाले पाहिजे होतं. तुमच्याकडे मागतीन असं मले वाटलंच नाही.”

मला वाटलं होतं, त्या खोलीतलं काहीतरी ही चोरून नेते आहे. ती माझ्या वाटणीचं ओझं ओढत होती.

७ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून प्रेमिला येऊन गेली. मी सिरिंज उकळून दिली.

ती गेल्यावर यांना विचारलं — मलाच का?

आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, “ती खात्री करून घेते. तू करणार नाहीस, माहीत होतं. तूच दे म्हटल्यावर तू इतकी खूश झालीस.”

म्हणजे यांना सगळं दिसत होतं. माझे कान, माझं दारात उभं राहणं, कॅलेंडरचं भांडण, सगळं. लोकांची व्यंगं शोधून आयुष्य काढलं मी. माझं यांनी पडल्या पडल्या शोधलं आणि वापरलं.

म्हटलं, तुम्ही गेला असता तर उद्या प्रेमिला सांगणार होती, साडेपाचला दिलं होतं म्हणून. मग मी काय करणार होते? पुढची वीस वर्षं?

यांनी तोंड भिंतीकडे केलं. ‘तेवढा विचार केला नाही’ म्हणाले.

आज मी रागाने रडले. मग दुसऱ्या कशाने तरी.

या आठवड्याचं सदर पाठवलं नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेमिला यायच्या आधी यांनी मला विचारलं. सरळ, माझ्या डोळ्यांत बघून. ‘देशील?’

‘नाही,’ मी म्हणाले.

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

मग न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून बसले. पंधरा मिनिटं उठताच येईना.

ही बाई रोज एवढं करून बाहेर यायची, आणि ‘येते ताई’ म्हणताना मला हसून दाखवायची!